हीट नंबर कोण पाहतो? साहित्याच्या तपासणीबाबत एक खुले पत्र

प्रति,
सार्वजनिक कामांसाठी ओतीव व अभियांत्रिकी साहित्य खरेदी करणाऱ्या कार्यालयांचे प्रमुख
आणि त्यांच्या वतीने तपासणी करणाऱ्या संस्था

विषय : पुरवठापूर्व तपासणीची सध्याची पद्धत

महोदय, महोदया,

कोल्हापूरजवळ शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत माझी पाचशे किलोच्या इंडक्शन भट्टीची लहान फाउंड्री (ओतशाळा) आहे. वडिलांनी हे काम शिवाजी उद्यमनगरात क्युपोलावर, म्हणजे कोकच्या भट्टीवर, सुरू केले. त्यांच्यामागे मी ते इकडे आणले. पाणीपुरवठ्याचे स्लुइस व्हॉल्व्ह (पाणी अडवणाऱ्या झडपा), मॅनहोलची झाकणे आणि पंपांचे काही भाग आम्ही करतो. आमचा बराचसा माल जमिनीखाली जातो आणि एकदा माती लोटली की तो पुन्हा कोणाच्या नजरेला पडत नाही, तो पडतो फक्त फुटल्यावर. म्हणून आमच्या धंद्यात तपासणी होते ती माल दारातून बाहेर पडण्याआधीच. नंतर होतो तो पंचनामा.

एका खरेदी कार्यालयाचे पत्रक अलीकडे माझ्या हाती आले. ठरावीक रकमेखालच्या ऑर्डरींची तपासणी यापुढे कागदपत्रे, छायाचित्रे आणि मोबाइलवरील व्हिडिओ कॉल यांच्या आधारे होईल, तपासणी संस्था यादीतून पुरवठादाराने निवडावी आणि तिचे शुल्कही त्यानेच भरावे, असे त्यात आहे. कार्यालयाचे नाव मी घेत नाही, कारण इतर कार्यालयांतही हाच प्रघात थोड्याफार फरकाने रूढ होताना दिसतो आणि एका कार्यालयाकडे बोट दाखवल्याने बाकीची सुटतील.

मी तर ज्याचा माल तपासायचा तो माणूस. तपासणी सैल झाल्याचे मला खरे तर बरे वाटायला हवे, माझा वेळ आणि पैसा वाचतो. तरीही हे पत्र मी लिहितो आहे, कारण या पद्धतीतून काय निसटते ते माझ्याच शेडमध्ये मी पाहिले आहे.

दीडशे मिलिमीटर व्हॉल्व्हची एक ऑर्डर होती. बॉडी आयएस २१० या भारतीय मानकाप्रमाणे एफजी २०० ग्रेडच्या राखाडी बिडाची हवी होती, म्हणजे त्याच धातूपासून वेगळ्या ओतलेल्या तीस मिलिमीटर व्यासाच्या टेस्ट बारवर (चाचणीच्या दांड्यावर) प्रति चौरस मिलिमीटर किमान २०० न्यूटन ताणशक्ती मिळाली पाहिजे. रात्रपाळीच्या एका हीटमधून, म्हणजे भट्टीत एका वेळी वितळवलेल्या धातूतून, अकरा बॉडी आणि दोन टेस्ट बार ओतले. त्या रात्री पोलादी स्क्रॅप कमी पडले म्हणून पिग आयर्नचे (कच्च्या लोखंडाचे) प्रमाण वाढवले गेले आणि कार्बन चढला. बिडात कार्बन चढला की धातू साच्यात सुरेख वाहतो, कास्टिंगला चेहराही चांगला येतो, पण ताकद उतरते. चौथ्या दिवशी तपासनीस आले. त्यांनी टेस्ट बार मागितले, आमच्या पोऱ्याने रॅकवरचे दोन बार काढून दिले, त्यांनी दोन्हींच्या टोकांवर आपला पंच मारला आणि बार प्रयोगशाळेत गेले. ताणशक्ती आली २६८.

रिपोर्ट वाचूनच मी चरकलो. आमचा एफजी २०० इतका चढत नाही. रॅकपाशी गेलो तर मेस्त्री आधीच तिथे उभे होते. त्यांच्या हातात दोन बार होते आणि त्यांवर साच्यातूनच उठून आलेला त्या रात्रीचा हीट नंबर स्वच्छ वाचता येत होता. ते म्हणाले, "मालक, त्यो पास झालेला बार आपल्या हिटाचा न्हाईच. ह्यो बघा, खरा हितंच पडलाय." प्रयोगशाळेत गेलेले बार ट्रॅक्टरच्या भागांसाठी ओतलेल्या एफजी २६० च्या हीटमधले होते आणि त्यांच्यावर नंबर उमटवायचा राहून गेला होता. चूक आमची होती, त्यात लपवण्यासारखे काही नाही. खरे बार मी माझ्या खर्चाने तपासून घेतले. ताणशक्ती आली १८६.

त्या अकराही बॉडी हायड्रो टेस्टमध्ये, म्हणजे पाण्याच्या दाबाच्या चाचणीत, ठरलेल्या दाबाच्या दीडपटीला उतरल्या होत्या, कुठे थेंबभर घामही दिसला नव्हता. पण हायड्रो टेस्ट गळती दाखवते. पंप अचानक बंद पडल्यावर पाइपात उलटून येणारा झटका ती बॉडी वर्षानुवर्षे सोसेल की नाही, हे त्यातून कळत नाही. त्या बॉडी फुटल्याच असत्या असे मी म्हणणार नाही, कदाचित तीस वर्षे टिकल्याही असत्या. पण मागणी २०० ची होती आणि माल १८६ चा होता.

मी तपासणी संस्थेला फोन केला. पलीकडून विचारणा झाली, "रिपोर्ट पास आहे ना? मग अडचण काय आहे?" मी खरेदी कार्यालयाला लेखी कळवून अकरा बॉडी परत भट्टीत टाकल्या आणि नव्या ओतल्या. त्यात एकोणीस दिवस गेले. माझ्या पत्राला उत्तर आले नाही, बिलातून मात्र उशिराचा दंड कापून आला. म्हणजे नापास माल पास ठरला तेव्हा सगळे सुरळीत होते, आणि तो मी स्वतः मागे घेतला तेव्हा मी कसूरदार ठरलो. दंडाची रक्कम मोठी नव्हती. पण पुढच्या खेपेला असे काही लक्षात आले तर मी काय करावे, असे तुमच्या पद्धतीने मला सुचवले आहे, त्याचा विचार तुम्हीच करावा.

माझी पहिली आणि मुख्य हरकत यातूनच येते. तपासणी शेवटी येऊन उपयोग नाही. टेस्ट बारला अर्थ असतो तो केवळ कास्टिंगशी असलेल्या नात्यामुळे. एकाच लॅडलमधला (ओतण्याच्या भांड्यातला) धातू दोघांत गेला, हे कोणीतरी डोळ्यांनी पाहिलेले असावे लागते किंवा पुसता न येणारी खूण दोघांवर असावी लागते. त्याविना प्रयोगशाळेने कितीही अचूक आकडा दिला तरी तो कुठल्यातरी बाराचा आकडा असतो, तुमच्या व्हॉल्व्हचा नव्हे. तुमच्या निविदांना गुणवत्ता आराखडा जोडलेला असतो. कुठे काम थांबवून तपासनिसाची वाट पाहायची, कुठे त्याला बोलवायचे पण तो न आल्यास पुढे जायचे आणि कुठे फक्त कागद पाहायचे, हे त्यात टप्प्याटप्प्याने लिहिलेले असते. मी पाहिलेल्या बहुतेक आराखड्यांत ओतकामापुढे फक्त 'कागदपत्रांची पाहणी' असते आणि रंग लावून झालेल्या मालापुढे 'प्रत्यक्ष तपासणी'. रंगाखालचे बीड कोणाला दिसणार?

बॉयलरच्या बाबतीत आपल्याकडे असे चालत नाही. या जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांमुळे बॉयलरची तपासणी काय असते हे इथल्या फॅब्रिकेटरांना चांगले ठाऊक आहे. पोलादी प्लेट कापण्याआधी तिच्यावरची मूळ खूण प्रत्येक तुकड्यावर उतरवून घ्यावी लागते. निरीक्षक बांधणी चालू असताना टप्प्याटप्प्यावर येतो आणि कोणता तुकडा कोणत्या प्लेटचा हे शेवटपर्यंत सांगता येते. ही शिस्त फुकट आलेली नाही. १८६३ साली कोलकात्यात बॉयलर फुटून माणसे मेली, त्यानंतर १८६४ मध्ये बंगालमध्ये तपासणीचा कायदा झाला, १९२३ मध्ये देशभरासाठी एक कायदा आला आणि २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. पाण्याच्या व्हॉल्व्हला बॉयलरइतका जाच लावा असे मी म्हणत नाही, तेवढा धोका त्यात नाही. पण खूण उतरवून घेण्याची पद्धत उचलायला खर्च तो कितीसा? साच्यात चार अंकांचे ठसे बसवावे लागतात, एवढेच.

दुसरी हरकत पैशाची आहे. तपासणी संस्था मी निवडायची, तिला बोलवायचे मी, तिचे बिल भरायचे मी आणि तिने माझा माल नापास करायचा, ही अपेक्षाच मुळात भाबडी आहे. यादीत पाच संस्था असतील आणि त्यांतली एक कडक म्हणून ओळखली जात असेल तर तिला काम कोण देईल? तपासणी संस्थांसाठी आयएसओ/आयईसी १७०२० हे मानक आहे, आपल्याकडे एनएबीसीबी हे राष्ट्रीय मंडळ त्याप्रमाणे मान्यता देते आणि त्या मानकाच्या अटींची सुरुवातच निःपक्षपातीपणापासून होते. ही मान्यता तुम्ही निविदेत मागता आणि निवड व शुल्क पुरवठादाराच्या हाती देऊन तिच्यातला जीव काढून घेता. रेल्वे आपल्या साहित्यासाठी राइट्स या सरकारी कंपनीसारख्या संस्थेचे तपासनीस आपण होऊन लावते. केंद्राच्या पुरवठा व विल्हेवाट महासंचालनालयाकडे तर गुणवत्ता तपासणीची स्वतःची शाखा होती. ते कार्यालय २०१७ साली बंद झाले. जुन्या व्यवस्थेत दोष होते, तिच्या दिरंगाईच्या गोष्टी आमच्या वडिलांच्या पिढीने भरपूर सांगितल्या आहेत. पण तिथे तपासनीस हा खरेदीदाराचा माणूस असे, एवढी गोष्ट तरी स्पष्ट होती.

पोलादाच्या व्यवहारात हा भेद प्रमाणपत्रावरच लिहिलेला असतो. युरोपीय मानक ईएन १०२०४ मध्ये ३.१ प्रकारच्या प्रमाणपत्रावर उत्पादकाच्याच, पण उत्पादन विभागाच्या हाताखाली नसलेल्या तपासनिसाची सही असते, ३.२ मध्ये तिच्या जोडीला खरेदीदाराच्या प्रतिनिधीची किंवा नियमांनी नेमलेल्या तपासनिसाची सही लागते. ३.१ पुरेसे असेल तिथे तसे म्हणा आणि शुल्क वाचवा. ३.२ चा देखावा करून ३.१ पदरात पाडून घेण्यात कोणाचेच हित नाही.

तपासनिसांबद्दल माझ्या मनात राग नाही, हेही इथेच सांगतो. येतात ती बहुतेक डिप्लोमा झालेली तरुण मुले. सकाळी गोकुळ शिरगाव, दुपारी शिरोली, संध्याकाळी कागल, आणि रात्री रिपोर्ट टाइप करायचे. एकाला मी जेवायला बसवले तर तो ताटावरूनच पुढच्या कारखान्याला फोन लावत होता. अशा माणसाने भट्टीपाशी तीन तास उभे राहावे असे त्याला मिळणाऱ्या पैशांत कोण म्हणणार?

तिसरी हरकत नमुने काढण्याविषयी. निविदेत 'पाच टक्के' किंवा 'दहा टक्के' असे लिहून टाकण्याची सवय अजून गेलेली नाही. दहा टक्के म्हणजे वीस नगांच्या लॉटमधून दोन आणि दोन हजारांच्या लॉटमधून दोनशे. पहिल्यात काहीच कळत नाही आणि दुसऱ्यात विनाकारण श्रम जातात. नमुने काढण्याच्या आयएस २५०० या मानकात यासाठी तयार तक्ते आहेत. उदाहरणार्थ, ३०० झाकणांच्या लॉटमधून सर्वसाधारण तपासणी पातळी दोनप्रमाणे ५० नग काढायचे आणि सदोष मालाची स्वीकार्य पातळी अडीच टक्के धरली असेल तर त्यांत तीन सदोष निघेपर्यंत लॉट घ्यायचा, चौथा निघाला की परत करायचा. त्याच मानकात आणखी एक नियम आहे, जो मला आकड्यांपेक्षाही मोलाचा वाटतो : एखाद्या पुरवठादाराच्या सलग पाच किंवा त्याहून कमी लॉटपैकी दोन परत गेले की पुढची तपासणी आपोआप कडक होते. या नियमाला स्मरणशक्ती लागते. इथे मात्र सांगलीत परत गेलेला लॉट कोल्हापुरात कोणाला माहीत नसतो. परत गेलेल्या मालाची एकत्र नोंद ठेवणारे एकही कार्यालय मला तरी भेटलेले नाही. आणि नमुने कोणी काढायचे? बहुधा आमचीच माणसे काढून समोरच्या रांगेत मांडून ठेवतात. आम्ही काही आमची वाईट झाकणे पुढे मांडणार नाही.

चौथी हरकत व्हिडिओ कॉलवरच्या तपासणीविषयी, आणि ती थोडक्यात सांगता येते. मोबाइलमध्ये प्रेशर गेज दिसते, पण ते कोणत्या व्हॉल्व्हला जोडले आहे हे दिसत नाही. दाब सोडल्यावर काटा शून्यावर येतो की दोनवर अडकतो, हे कोणी पाहत नाही. चौरस सेंटीमीटरला पंधरा किलोच्या दाबासाठी शून्य ते शंभरचे गेज लावले असेल तर काटा कोपऱ्यातच घुटमळतो आणि त्यावर एक-दोन किलोचा फरक डोळ्याला कळतही नाही. पंधरासाठी शून्य ते पंचवीसचे गेज हवे. समोर उभा असलेला जाणता तपासनीस आधी गेजवर बोटाने टिचकी मारतो, मग त्याचे कॅलिब्रेशनचे (अचूकता तपासल्याचे) स्टिकर वाचतो आणि शेवटी जोडांवरून कोरडा हात फिरवतो. त्या हाताला लागलेला ओलावा कॅमेऱ्याला कसा कळणार?

पाचवी हरकत वेळेची. माल तयार झाल्यावर आम्ही तपासणीचा कॉल (तपासनिसाला बोलावणे) टाकतो आणि वाट पाहत बसतो. या थांबण्याचा हिशेब कुठेच धरला जात नाही. सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत असे २००६ चा कायदा सांगतो, पण ते दिवस मोजायचे माल पोहोचवल्यापासून. माल पोहोचवल्यावर पंधरा दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर तो स्वीकारला असे धरले जाते, हेही त्याच कायद्यात आहे. पण तपासणी झाल्याशिवाय गाडी भरताच येत नसेल तर घड्याळ सुरूच होत नाही. तपासनीस तीन आठवडे आला नाही तर कायद्याच्या दृष्टीने काहीच घडलेले नसते आणि ऑर्डरच्या दृष्टीने मात्र मी तीन आठवडे उशीर केलेला असतो. बँकेचे व्याज या दोन्हींकडे न बघता चालूच राहते.

प्रयोगशाळांबद्दल एकच सांगतो. एनएबीएल या प्रयोगशाळांच्या राष्ट्रीय मंडळाची मान्यता ही त्या प्रयोगशाळेत ती विशिष्ट चाचणी करण्याची मान्यता असते, भिंतीवरच्या चौकटीची नव्हे. रिपोर्ट हाती आल्यावर, ताणशक्तीची चाचणी त्या मान्यतेच्या व्याप्तीत बसते का, एवढे तरी पाहिले जावे. शिवाय नमुना मी नेऊन देतो आणि रिपोर्टही मीच घेऊन येतो. हे दोन्ही प्रवास माझ्या हातून का व्हावेत, याचे समाधानकारक उत्तर मला अजून मिळालेले नाही.

तेव्हा माझ्या मागण्या अशा आहेत :

तपासणी संस्था खरेदी कार्यालयाने स्वतः नेमावी, पाळीपाळीने बदलावी आणि तिचे शुल्क आपल्या अंदाजपत्रकातून द्यावे. हवे तर तेवढी रक्कम आमच्या दरातून आधीच वळती करून घ्या. पण पैसे देणारा हात तुमचा असू द्या.

दाब सहन करणाऱ्या प्रत्येक कास्टिंगवर आणि त्याच्या टेस्ट बारवर हीट नंबर साच्यातूनच उठवलेला असावा, नंतर पंचने मारलेला चालणार नाही, आणि नंबर नसलेला बार तपासनिसाने हातातच घेऊ नये. प्रत्येक ऑर्डरीतल्या निदान एका हीटच्या वेळी त्याने भट्टीवर हजर राहावे. ती हीट कोणती हे त्याने ठरवावे, मी नव्हे.

नमुना तपासनिसाने मोहोरबंद करून थेट प्रयोगशाळेत पाठवावा आणि रिपोर्ट तिथून थेट खरेदी कार्यालयात यावा. वाद झाल्यास तपासता यावा म्हणून दुसरा बार मोहोरबंद करून वर्षभर ठेवावा.

नमुन्यांची संख्या आणि लॉट परत करण्याचा आकडा आयएस २५०० प्रमाणे निविदेतच छापावा. परत गेलेल्या लॉटची नोंद सर्व खरेदी कार्यालयांना दिसेल अशी ठेवावी. त्यात माझे नाव आले तरी माझी तक्रार नसेल.

कॉल टाकल्यापासून सात दिवसांत तपासणी व्हावी आणि त्यापुढचा प्रत्येक दिवस माझ्या मुदतीत वाढवून मिळावा. व्हिडिओ कॉलवरची तपासणी दाब किंवा भार सहन करणाऱ्या कोणत्याही वस्तूसाठी वापरू नये. नावाच्या पाट्या आणि पॅकिंग पाहण्यासाठी खुशाल वापरावी.

आणि शेवटची मागणी, जिच्यामुळे हे पत्र लिहायला घेतले. पुरवठादाराने स्वतःहून दोष कळवून माल मागे घेतला तर तो माल नव्याने करण्यासाठी लागणाऱ्या दिवसांचा दंड माफ व्हावा, आणि मूळ तपासणीत तो दोष का सुटला याचा लेखी खुलासा तपासणी संस्थेकडून मागवला जावा. माझ्या एकोणीस दिवसांचा दंड मला परत नको. तो खुलासा मात्र हवा आहे.

तुमच्या पत्रकाप्रमाणे माझ्या चालू ऑर्डरीची तपासणी आता व्हिडिओ कॉलवर होणार आहे. तिच्या उरलेल्या बॉडींच्या हीट येत्या आठवड्यात रात्री दहानंतर निघतील. नेमक्या वेळा कार्यालयाला लेखी कळवल्या आहेत. त्यांतली कोणतीही एक निवडून, मला न सांगता, तुमचा माणूस पाठवा. गेटवर रखवालदाराला सांगून ठेवले आहे, मेस्त्री भट्टीपाशीच असतील आणि त्या रात्रीचे दोन्ही बार, नंबरसकट, साच्यातून निघताना त्याला पाहता येतील.

आपला,
शिरोली औद्योगिक वसाहतीतील एक फाउंड्रीचालक
कोल्हापूर